मल्हारीच्या पंजांवरचं लाल पाणी

कुरुंद्याच्या तालमीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. भुजंगबुवांनी तांब्यातलं स्वच्छ पाणी मल्हारी पैलवानाच्या मातीत घोळलेल्या पंजांवर ओतलं आणि खाली परातीत लालभडक धार पडली.

"रक्त!" बुवा गरजले. "वैऱ्याची करणी भाईर पडून राहिली! आजचा दिवस बी अन्नपाणी बंद. उद्या पोरगं वाघ होतंय का न्हाई बघा! अन् हां, मेंढा तेवढा पाठवा!"

लोकांनी हात जोडले. मल्हारीच्या छातीतली धडधड मात्र वाढली. साल एकोणीसशे पंच्याहत्तर. दुसऱ्याच दिवशी परभणीला राज्य स्पर्धेसाठी निवडीची कुस्ती होती. महिनाभर त्याला झोप नव्हती. लंगोट कसायला घेतला की हात थरथरायचे, तोंडाला कोरड पडायची. म्हणून मसाजी वस्तादांनीच बुवांना आणलं होतं. दोन दिवसांच्या उपासानं आता भोवळ येत होती, पण पैलवानानं भितो म्हणायची सोय नव्हती.

दारात रूपाबाई उभी होती. औंढ्याला देवळापाशी कुंकू विकणारी ही बाई हळद न्यायला गावात आली होती. तालमीत बायांना मज्जाव, म्हणून ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "बुवा, माझ्या हातावर बी घाला की थोडं."

बुवा घुटमळले. मल्हारीनंच तांब्या आणि परात उचलून दारात नेली. रूपाबाईच्या हळदीनं माखलेल्या हातांवर पाणी पडलं आणि तिचे हातही लाल झाले.

"आता माझ्यावर कोणी केली करणी? मला कुठं कुस्ती खेळायची हाय?" ती म्हणाली. "तुमच्या तालमीच्या मातीत हळद कालवलेली. ह्या पाण्यात चुना. चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी घ्यायची. हळदीला चुना लागला की ती लाल होती. कुंकू असंच होतं. हे रक्त मी रोज डब्या भरून विकते!"

मग तिनं बुवांच्याच पूजेतलं लिंबू मागून परातीत पिळलं. लाल पाणी पिवळं झालं. बुवांना एकाएकी वसमतची बस आठवली.

सगळे हसले. मल्हारी हसला नाही. त्यानं पंजे पुढे केले. "करणी न्हाई, तर हे काहून थरथरून राहिलेत, वस्ताद?"

मसाजींनी मान खाली घातली. "माझे बी थरथरायचे. दर कुस्तीला. अंग झुंजायला तयार होतं, म्हणून काळीज धडधडतं. मी लांब दम घ्यायचो, हळू सोडायचो, डोळे मिटून आपले चार डाव मनात खेळायचो. मंग सलामी. तुला कधी बोललो न्हाई. माझंच चुकलं, लेकरा."

मल्हारीला रडूच फुटलं. वस्तादांनी त्याच्यापुढं दूधभाकरी ठेवली. दोन दिवसांत गेलेली ताकद एका रात्रीत येणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. घास घेताना हात थरथरत होते, पण आता तो ते लपवत नव्हता.

बाबांनो, तुमच्या गावात कोणी पाणी लाल करून दाखवलं, तर आधी पाण्यात काय घातलंय ते विचारा. आणि घरचा पैलवान घाबरला असेल, तर बुवाला नका विचारू. त्यालाच विचारा.