पाणी मारलेलं कस्टर्ड

आईच्या नाकात नळी घालायची की नाही, हे आमच्या घरात कस्टर्डवर ठरणार होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचं बोलणं गेलं, गिळणंही बिघडलं. डोळ्यांनी रागावणं तेवढं शाबूत राहिलं. रोज घरी येणाऱ्या सिस्टर सकाळी म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत वाटीभर तोंडाने जाऊ द्या. नाहीतर नळी, डॉक्टरांनी सांगितलंय. पाण्यासारखं दिलंत तर ठसका लागेल, घट्ट दिलंत तर अडकेल. थंड, हलकं, चमच्यावरून सावकाश घसरेल असं काहीतरी करा."

"कस्टर्ड," बाबा म्हणाले. आईला ते आवडायचं. बाबांना ते करता येत नव्हतं, पण ही गोष्ट त्यांना आजवर कोणी कळवली नव्हती.

बाबांनी जन्मभर गवंडीकाम केलेलं. त्यांनी दूध तापत ठेवलं आणि वाटीतल्या थंड दुधात पावडर कालवायला घेतली. पाकिटावर लिहिलं होतं त्याच्या तिप्पट.

"बाबा, एवढी?"

"लिहिणाऱ्याचं काय जातंय? माल कमजोर पडला की शिव्या आपल्याला."

माल शिजला तेव्हा चमचा त्यात उभा राहिला. बाबांनी एक डोळा मिटून तो सरळ आहे ना, तेही पाहिलं. मग वाटी फ्रीजमध्ये गेली. त्यानंतर ते सारखे फ्रीज उघडून तिच्यावर पाण्याचे हबके मारत होते.

"हे काय चाललंय?"

"पाणी मारतोय. सुकलं तर तडा जाईल."

"हे खायचंय बाबा. यावर मजला चढवायचा नाहीये."

"तू गप बस. तुझ्या बापाच्या एकाही भिंतीला तडा गेलेला नाही."

खरं होतं. बापाच्या बायकोला मात्र गेला होता, असं मी मनातल्या मनात म्हटलं. तिथेही ते फारसं विनोदी वाटलं नाही.

दुपारी वाटी उपडी केली, तर कस्टर्ड वाटीच्या आकाराचंच बाहेर आलं आणि ताटलीत ठामपणे बसलं. बाबा खूश. सुरीने कापून मी एक तुकडा तोंडात टाकला, गिळला, आणि तो छातीत अडकला. मी, धडधाकट माणूस, ओट्याला धरून उभा राहिलो. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग आईच्या खोलीकडे. त्यांचा चेहराच उतरला.

"टाकून दे ते," ते म्हणाले. "तू सांग, मी ढवळतो."

या वेळी पावडर मी मोजली. बाबांनी ढवळलं, गाळलं, पातेलं बर्फात ठेवून गार केलं, आणि फेस धरेपर्यंत फेटलं. कुठेही हरकत नाही, सल्ला नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. शेवटी ते चमच्यावरून हवं तसं घसरलं.

आईला उशीला टेकवून बसवलं. बाबांनी पहिला चमचा दिला आणि आम्ही दोघं तिच्या गळ्याकडे बघत बसलो. गळा हलला. दुसराही गेला. तिसरा ओठाच्या कडेने हनुवटीवर आला. चौथ्याला असा ठसका लागला, की तिचा चेहरा काळानिळा पडला. मी तिला पुढे वाकवून धरलं. श्वास परत आल्यावर तिने ओठ घट्ट मिटले आणि बाबांकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. मला त्याचीच भीती वाटली.

बेल वाजली. मी दार उघडून सिस्टरांना घेऊन आलो, तर वाटी रिकामी.

"अरे वा, सगळं गेलं?"

"चाटूनपुसून," बाबा म्हणाले. त्यांच्या मिशीला पिवळं लागलं होतं.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. एखादा विनोद सुचावा म्हणून मी थोडं थांबलो.

"दोन चमचे गेले," मी म्हटलं. "मग ठसका लागला."

"काका, मिशी पुसा," सिस्टर हळूच म्हणाल्या आणि त्यांनी बॅग उघडली.

बाबांनी बाहीने मिशी पुसली. माझ्याकडे पाहिलं नाही. पाकिटातून निघणारी बारीक नळी ते निरखत राहिले.

"यातून कस्टर्ड जाईल?"

"दुधाइतकं पातळ केलंत तर जाईल. डॉक्टरांना विचारते."

"करतो पातळ." ते उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. "पण तिला चव लागेल ना?"

सिस्टर हातमोजे चढवत राहिल्या.