वळणबाबांचा अंगठा

सातव्या वळणाच्या कुंपणाशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. ट्रॅक ओला होता. माझ्या धाकट्या भावाने रेसची मोटरसायकल वळणात झोपवली, आणि सकाळपासून तीनदा इथेच सटकलेलं मागचं चाक आता तान्हं आईला बिलगावं तसं जमिनीला बिलगलं.

"वळणबाबांचा विजय असो!" लोक ओरडले.

पांढरे बूट, काळा गॉगल घातलेले वळणबाबा कठड्यावर चढले.

"चाक माझं, वळण माझं! घसरलास तर मरण माझं!"

मरण कोणाचं, ते पुढे कळलं.

बाबांची रीत ठरलेली होती. गॅरेजमध्ये येत, रायडरला डोळे मिटायला लावत, गाडीच्या डाव्या मुठीवर अंगठा टेकवून पाच मंत्र म्हणत. मग गळ्यात ताईत, आणि एक अट: "लेकरा, ताईताच्या आणि आभाळाच्या मध्ये दुसरं कवच नको." म्हणजे सूटच्या आतली एअरबॅग काढायची. पडताच ती डोळ्याचं पातं लवायच्या आत छातीभोवती फुगते. आमच्या शर्यतींच्या नियमात ती सक्तीची नव्हती.

मी भावाच्याच संघात लॅपटॉपवर गाडीच्या नोंदी वाचते. माणूस लपवतो, गाडी लपवत नाही. त्या संध्याकाळी नोंद पाहिली. गाडी उभी असताना, बरोबर मंत्रांच्या वेळी, ट्रॅक्शन कंट्रोल एकवरून सहावर गेला होता. मागचं चाक सुटू लागलं की ही व्यवस्था इंजिनाचा जोर आपोआप आवरते. तिचं बटण डाव्या मुठीशीच असतं.

आमच्या रायडरांचा हट्ट असा, की ती कायम एकवर ठेवायची. सहावर ठेवणारा म्हणजे सायकलला बाजूची चाकं लावणारं पोर! म्हणून सहावर गाडी कशी धरते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शर्यतीआधीच्या सरावात मी सगळ्यांसमोर एका रायडरला म्हटलं, "मीट डोळे." मुठीवर अंगठा ठेवला. "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा. जा."

सातव्या वळणात त्याचीही गाडी सटकली नाही. मग मी सगळ्यांना ते बटण आणि कालची नोंद दाखवली. गॅरेजभर हशा पिकला. "ताई, आता तुमचाही मठ काढू!"

बाबा मात्र ढिम्म. "बटण दाबलं, खरंय. पण दाबायची बुद्धी या अंगठ्याला कोणी दिली?"

आणि टाळ्या पडल्या. त्यांनाच.

मी भावाला बाजूला ओढलं. "पाहिलंस ना?"

"बटणाचं पटलं, ताई. सहावर गाडी मंदावते, मी परत एकवर आणलीय. आज जिंकायचंय."

"मग एअरबॅग घाल."

"बटण खोटं असेल गं. ताईत थोडाच खोटा?"

"अरे, एकाच माणसाने दिलंय दोन्ही!"

"आईने पण बांधून घेतलाय. तिला काय सांगू?" त्याने सूटची चेन वर ओढली. सूट छातीशी सैल पडला होता. आत नुसता बनियन होता आणि दोऱ्यात ताईत.

चौथ्या फेरीत, सातव्या वळणात मागचं चाक सुटलं, त्याने अचानक परत पकड घेतली, आणि गाडीने त्याला आभाळात भिरकावलं. तो छातीवर पडला.

डॉक्टर म्हणाले, "आठ फासळ्या, दोन्ही फुफ्फुसं. आत हवेची पिशवी असती तर एखादीच फासळी गेली असती."

तीन दिवस यंत्राने त्याच्यासाठी श्वास घेतला. चौथ्या दिवशी यंत्र थांबवलं.

बाबांनी सांगितलं, "बहिणीने शंका घेतली, ताईताचा गुण उतरला." आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तिच्या गळ्यातला ताईत अजून तिथेच आहे. रडताना ओवी माझ्याच तोंडी आली:

बाळा माझ्या, राजा माझ्या, वाऱ्याशी तुझी पैज,
छातीवर ओंजळभर हवा, तेवढी नव्हती आज.

सरावावरून थेट, अंगातल्या सूटसकट, चौदा रायडर घरी भेटायला आले. प्रत्येकाला म्हटलं, सूटची चेन उघडून दाखव. एकाच्याच आत एअरबॅग निघाली. बाकीच्यांनी चेन परत वर ओढली.

तुम्हाला एवढंच सांगते. चमत्कार दिसला की डोळे मिटू नका. हात कुठे आहे ते बघा. एक खोटं उघडं पडलं की त्याच माणसाने दिलेलं दुसरंही तपासा, आणि आजच तपासा. मी आधीच सांगितलं होतं, पुराव्यासकट सांगितलं होतं. तरीही तेरा जण तसेच निघून गेले, आणि रविवारी पुन्हा शर्यत आहे.