जेवणाचा रकाना

सांगचोलनं लाल पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि चर्चच्या साप्ताहिक पत्रकाच्या शेवटच्या पानावर, जेवणाच्या रकान्यावर आडवी काट मारली. मग जरा थांबून दुसरी मारली.

"हेही गेलं?" पाळकसाहेबांनी टेबलापलीकडून मान लांब करून विचारलं. ते संत्रं सोलत होते.

"हे तर सगळ्यांत आधी जायला हवं होतं, साहेब. बघा ना. या रविवारचं सूप अमुक, स्वयंपाकाला अमुक आणि तमुक, आणि खाली वर्षानुवर्षं तीच ओळ. जेवायला येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे. आजवर कुणी कळवलंय?"

पाळकसाहेबांनी आठवून पाहिलं.

"एकदा एकानं कळवलं होतं," ते म्हणाले. "पण तो आला नाही."

मुलगोलच्या चर्चमध्ये रविवारी साठेक माणसं जमत, त्यांतली निम्मी सत्तरीच्या पुढची. सांगचोलनं वीस वर्षं ग्वांगजू शहरातल्या एका छापखान्यात काढली होती. गेल्या वसंतात तो वडिलांची कालवांची शेती बघायला गावी परतला आणि पाळकसाहेबांना सुटल्यासारखं झालं. नव्या वर्षापासून पत्रक आणि वेबसाइट दोन्ही त्यांनी त्याच्या गळ्यात घातली. वेबसाइट म्हणजे काय होतं? दर रविवारी ते मोबाइलनं पत्रकाच्या चारी पानांचे फोटो काढून चढवत. फोटो तिरके येत, कधी कोपऱ्यात अंगठाही येई. सांगचोलला वाकडी ओळ दिसली की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. त्यानं डिसेंबरभर खपून नवी वेबसाइट बांधत आणली होती. उपासनेच्या वेळा, प्रवचनं, यायचा रस्ता, आणि वर खाडीचा एक मोठा, सुंदर फोटो. बाकी सगळं त्याच्या मते अडगळ होतं.

दार न वाजवता ओकबुन मावशी आत आल्या. गुरुवार होता. चर्चचं स्वयंपाकघर तीस वर्षं त्यांच्या ताब्यात होतं आणि दर गुरुवारी त्या पुढच्या रविवारची चिठ्ठी आणून देत. जुन्या कॅलेंडरचं पान फाडून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेली. चिठ्ठी ठेवता ठेवता त्यांना लाल काट दिसली.

"हे काय रे?"

"मावशी, पत्रक जरा सुटसुटीत करतोय. फार गर्दी झाली होती."

"आणि आमची नावं?"

"नावं कशाला हवीत? कुणी किती राबतं ते देव बघतोच की."

"देवाला ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या. "देवासाठी कुठे छापतोस तू?"

पाळकसाहेबांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. या बाईंशी वाद घालून चर्चमधलं कुणी कधी जिंकलं नव्हतं, हे सांगचोललाही माहीत होतं. त्यानं तडजोड केली. कागदावरच्या पत्रकात रकाना राहील. वेबसाइटवर मात्र नाही.

"का नाही?"

"वेबसाइट बाहेरच्या लोकांसाठी असते, मावशी. मुलगोलच्या चर्चमध्ये रविवारी मुळ्याचं सूप आहे का सोयाबीनच्या पेस्टचं, याच्याशी बाहेरच्यांना काय करायचंय?"

एरवी त्यांनी त्याला सोलून काढलं असतं. त्या दिवशी त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. टेबलावरची संत्र्याची सालं गोळा करून मुठीत घेतली आणि निघून गेल्या. त्या रविवारी सूप इतकं खारट झालं की म्हाताऱ्यांनी गुपचूप पाणी घालून प्यायलं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मावशींची मुलगी मिसन गाव सोडून गेली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तिनं एका घटस्फोटित माणसाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा बापानं तिच्या तोंडावर दार लावून घेतलं, आणि मावशी दाराच्या आतल्या बाजूला उभ्या राहिल्या, एक शब्द न बोलता. गावाला एवढंच ठाऊक होतं. पुढे बाप गेला. नऊ वर्षांपूर्वीची ती गोष्ट. मयताला मिसन आली, मागच्या रांगेत उभी राहिली आणि न जेवता परत गेली. त्यानंतर ना फोन, ना पत्र. मावशींनी मात्र आपला फोन नंबर कधी बदलला नाही. नवा मोबाइल घेताना दुकानदारानं स्वस्तातला दुसरा नंबर देऊ केला, तेव्हा त्या उठून चालायला लागल्या होत्या.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी नवी वेबसाइट सुरू झाली. खाडीच्या फोटोचं सगळ्यांनी कौतुक केलं. प्रत्येक जण त्यात आपापलं छप्पर शोधत होता. सांगचोल आठवडाभर हवेत होता.

दुसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी चर्चच्या ईमेलवर एक पत्र आलं.

"पूर्वी दर आठवड्याचं पूर्ण पत्रक इथे दिसत असे. आता जेवणाचं पान दिसत नाही. स्वयंपाकघर बंद झालं आहे का? की ते चालवणाऱ्या बाईंना बरं नाही? कृपा करून एवढंच कळवा."

खाली नाव नव्हतं. पण पाठवणाऱ्याचा पत्ता होता, आणि त्याची सुरुवातच मिसन०११९ अशी होती. सांगचोलच्या स्वतःच्या पत्त्यात ०८०३ होतं. त्याचा वाढदिवस तीन ऑगस्टचा. त्याच्या पिढीच्या निम्म्या लोकांनी ईमेलचा पत्ता असाच बनवला होता. मिसन शाळेत त्याच्या दोन वर्षं पुढे होती. खो खो हसायची आणि हसताना समोरच्याच्या पाठीत धपाटा घालायची, एवढं त्याला आठवत होतं.

त्यानं पत्र तीनदा वाचलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. अडगळ म्हणून आपण नेमकं काय फेकून दिलं होतं ते त्याला आता कळलं. पत्राची प्रत काढून मावशींकडे न्यावी असं आधी त्याच्या मनात आलं. मग वाटलं, ज्यानं मुद्दाम नाव लिहिलं नाही त्याचं नाव आपण कसं फोडायचं? बुधवारचा सगळा दिवस कालवं फोडताना तो याच पेचात होता, आणि दोनदा त्यानं हातमोज्यावर सुरी मारून घेतली.

गुरुवारी चिठ्ठी घ्यायला तो स्वतःच चर्चच्या स्वयंपाकघरात गेला. मावशी जमिनीवर बसून सुकी मासळी निवडत होत्या. डोकं मोडायचं, पोटातली काळी रेघ काढायची, उरलेलं परातीत टाकायचं. एक पाय लांब पसरलेला होता.

"मावशी, जेवणाचा रकाना वेबसाइटवर परत टाकतोय."

"का? एवढी गर्दी झाली होती ना?"

"चुकलं माझं."

मावशींनी मान वर केली नाही. "कुणी विचारलं का?"

"हो. एका वाचकानं."

मावशींनी आणखी चार-पाच मासळ्या निवडल्या.

"काय विचारलं?"

"स्वयंपाकघर चालू आहे का. आणि ते चालवणाऱ्या बाई बऱ्या आहेत का."

कोण, हे मावशींनी विचारलं नाही. मात्र हातातल्या मासळीचं डोकं त्यांनी परातीत टाकलं आणि अंग कचऱ्यात. सांगचोलला ते दिसलं.

"मयताच्या दिवशी ती जेवली नाही," त्या म्हणाल्या. "जाताना दारातलं पत्रक तेवढं उचललं. नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं. मी आतून बघत होते. त्याच्यावर खाली वेबसाइटचा पत्ता छापलेला असतो ना?"

"असतो."

"तेच. मला त्यातलं काही कळत नाही. पण असतो ना."

त्यांनी ॲप्रनचं टोक उचलून नाक पुसलं आणि पुन्हा मासळी हातात घेतली.

"तर मग लिही, बरी आहे म्हणून. गुडघा दुखतो ते लिहू नकोस."

"काय झालंय गुडघ्याला?"

"काही नाही झालेलं. वय झालंय त्याला." मग त्यांनी ॲप्रनच्या खिशातून चिठ्ठी काढून दिली.

सांगचोलनं ती तिथेच वाचली. रविवार, एकोणीस जानेवारी. मियोकचं सूप. समुद्री शेवाळाचं हे सूप एरवी वाढदिवसाला करतात.

"मियोकचं? वाढदिवस कुणाचा आहे?"

"भूक लागायला वाढदिवस कशाला लागतो?" मावशी म्हणाल्या. "जा आता. माझं अजून अर्धं पोतं निवडायचंय."

घरी येऊन त्यानं जुन्या पत्रकांचे फोटो उघडले. ते त्यानं काढून टाकायचे म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले होते, फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. तो एकेका वर्षाचा जानेवारी बघत मागे गेला. दर वर्षी एकोणीस तारखेच्या आसपासच्या रविवारी मियोकचं सूप होतं. वर्षभरात इतर कुठल्याही रविवारी ते नव्हतं. एका फोटोत पाळकसाहेबांचा अंगठा अर्ध्या पानावर आला होता, पण सुपाचं नाव वाचता येत होतं. नऊ वर्षं साठ माणसांनी मिसनच्या वाढदिवसाचं सूप प्यायलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. सांगचोल शहरात असताना त्याची आईही वाढदिवसाला फोन करून तेवढंच विचारायची, सूप प्यायलास का. त्यानं चष्मा काढून डोळे पुसले आणि सगळे फोटो वेबसाइटवर परत चढवले, तिरके होते तसेच.

मग त्यानं नवा रकाना लिहायला घेतला. सूप. मदतीला कोण कोण. प्रमुख, मावशींच्या आडनावासकट: मा ओकबुन, तब्येत बरी. इथे तो थांबला. मावशींनी बजावलेलं त्याला चांगलं आठवत होतं. तरी त्यानं पुढे लिहिलं: डावा गुडघा दुखतो.

रविवारी सूप झकास झालं होतं. मावशी वाढताना प्रत्येकाच्या वाडग्यात डोकावत होत्या, कुणी काही टाकतंय का बघायला.

पुढच्या गुरुवारी त्या चिठ्ठी घेऊन आल्या तेव्हा टेबलावर एक खोकं होतं. वर पत्ता होता: मुलगोल चर्च, स्वयंपाकघर. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत गुडघ्याला चिकटवायच्या औषधी पट्ट्यांची पाकिटं होती, वीस तरी असतील. पाळकसाहेबांना तेवढ्यात बाहेर काहीतरी काम आठवलं.

मावशींनी एक पाकीट उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, पुन्हा ठेवलं.

"लिहू नको म्हटलं होतं ना तुला?"

"हात घसरला, मावशी."

"छापखान्यात काढलीस ना वीस वर्षं? तिथे असाच घसरायचा?"

पण त्या बसल्या. पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, एक पट्टी काढली आणि तळहातानं दाबून दाबून चिकटवली. बराच वेळ तळहात तिथेच ठेवला. खोलीभर कापराचा वास पसरला. मग डोळे मिचमिचवत, झोंबतंय हो, असं पुटपुटत त्या उठल्या, खोकं काखेत मारलं आणि चिठ्ठी टेबलावर टाकून गेल्या.

चिठ्ठी नेहमीपेक्षा लांब होती. कॅलेंडरचं पान पुरलं नव्हतं म्हणून शेवटच्या ओळी कडेनं उभ्या लिहिल्या होत्या. सांगचोलनं सवयीनं लाल पेनाचं टोपण काढलं आणि वाचायला लागला.

रविवारी कोबीचं सूप. स्वयंपाकाला मा ओकबुन आणि दोघी. जेवायला येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे.

त्याखाली होतं: गुडघा बरा आहे. पट्ट्या पोचल्या. बुधवारी चांद्र नववर्षाचा सण, चर्चचं स्वयंपाकघर बंद. तांदळाच्या वड्यांचं तोकगुक सूप घरीच करणार आहे. पातेलं मोठं काढणार. दोन माणसं आली तरी पुरेल.

आणि कडेला, कागद फिरवून वाचावी लागणारी ओळ: घरी येणाऱ्यांनी आधी कळवायची गरज नाही.

सांगचोलनं पेनाचं टोपण लावलं. मग कॉम्प्युटर उघडून सगळी चिठ्ठी जशीच्या तशी उतरवली, आणि शेवटची ओळ खाडीच्या फोटोच्या लगेच खाली, सगळ्यांत वर ठेवली.