डबल ट्रॉलीचं वळण

न्हावऱ्याच्या हौसरावाचं ऐकाल, तर शिरूरच्या त्या चौकात एकदा गाभण म्हैस रस्ता ओलांडायला निघाली आन् पलीकडं पोचली ती रेडकू घेऊनच. लोक हसायचे, पण चौकातली गर्दी बघितली की निम्मं खरंही मानायचे.

हौसरावानं ट्रॅक्टरवर तीस सीझन ऊस ओढला. बायको, सारजाबाई, भाकरी घेऊन चौकात लिंबाखाली उभी राहायची. मागं गाड्यांची रांग, थांबायची सोय नाही. चालत्या ट्रॅक्टरवर गठुडं वर द्यायचं, की झाली भेट. त्या सावलीत दोघं मिळून घडीभर कधी बसली नाहीत. पुढं रस्ता रुंद झाला, लिंब गेला.

आता नगरपालिकेनं चौकात माणसांना बसाय-उठायला जागा करायचं काढलं होतं. आराखडा करणाऱ्या गौतमीनं फक्कीनं रेषा आखल्या, बाकडी नुसती मांडून बघितली. एक नेमकं लिंबाच्या जागी आलं. सारजाबाई त्यावर बसली ती उठेचना.

"आबा, उसाची गाडी इथून वळेल ना?" गौतमीनं शेजारी उभ्या हौसरावाला विचारलं.

"न वळायला काय झालं? डोळं झाकून काढतो!"

भाच्याची भरली डबल ट्रॉली आलीच होती. सत्तरीचा हौसराव ट्रॅक्टरवर चढला.

"आजी, तुम्ही बाजूला व्हा."

"ऱ्हाऊ दे गं. त्यांचंच गाडं हाय."

पुढची ट्रॉली बाकड्याला न लागता वळली. मागची आत ओढत आली आणि बाकड्याला चार बोटं राखून गेली. टाळ्या पडल्या.

"मग हे बाकडं इथंच पक्कं!" गौतमी म्हणाली.

हौसराव उतरला. चाकाचा वण बघितला, मग त्याला लागूनच असलेली सारजाबाईची पावलं बघितली.

"न्हाई पोरी. मी काढली. सीझनातली पोरं दोन-दोन दिस झोपत न्हाईत. त्यांच्या हातनं न्हाई निघायची. हलव."

"मग पार बँकेच्या भिंतीआड न्यावं लागेल, आबा."

"ने."

"अवो, आधी बसा तरी," सारजाबाई म्हणाली.

तो बसला. गडी बाकडं उचलायला येऊन उभे राहिले. दोघं न्हावऱ्याच्या रस्त्याकडं बघत राहिली.

"तिकडनं दिसंल का वो ह्यो रस्ता? तुमचा ट्रॅक्टर यायचा त्यो?"

हौसरावानं बँकेच्या भिंतीकडं एकदा बघून घेतलं.

"दिसंल की. पार कारखान्यापातूर दिसंल."