छापखान्याचा पहिला नंबर

“काकू, छपाईची ती स्क्रिप्ट काढून टाकली तर काय बिघडेल?” प्रमुखबाईंनी विचारलं.

काकू चष्मा पुसत बसल्या. ऑफिसात त्यांना ऐन तिशीतच कुणीतरी काकू म्हणालं होतं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता केसही नावाला शोभायला लागले होते.

दुकानदारांसाठी बनवलेल्या त्यांच्या मुख्य प्रोग्रॅमला जोडायचे छोटे प्रोग्रॅम वेगवेगळी माणसं लिहायची. कुणी भाषेचा, कुणी बारकोडचा, कुणी छपाईचा. ते सगळे दुकानातल्या संगणकावर बसवणारा प्रोग्रॅम, म्हणजे पॅकेज मॅनेजर, काकूंच्या ताब्यात होता. अशा प्रत्येक जोडाबरोबर त्याची स्वतःची स्क्रिप्ट यायची, म्हणजे बसताना काय काय करायचं त्याच्या सूचना. सुरुवातीला या स्क्रिप्टांनी नुसता उच्छाद मांडला होता. जी ती आपलं काम उरकलं की मुख्य प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करायची, मग शेजारणीचं काम अर्धवट राहिलं तरी हिला काय त्याचं!

शेवटी काकूंनी दम भरला. प्रोग्रॅमला कुणी हात लावायचा नाही. आपलं झालं की पॅकेज मॅनेजरकडे निरोप ठेवायचा, तो सगळ्यांच्या शेवटी एकदाच काय ते चालू-बंद करील. आणि स्क्रिप्टांच्या रांगेत पुढची जागा हवी असेल तर लिहिणाऱ्यानं स्वतः काकूंच्या टेबलाशी येऊन कारण सांगायचं.

छपाईचा जोड लिहिणाऱ्याला सगळे छापखाना म्हणत. तो हातात चहाचे दोन कप घेऊनच आला.

“मला सगळ्यांच्या आधी सोडा,” तो म्हणाला. “बारकोडवाल्याला कागदाचं माप माझ्याकडूनच मिळणार. आणि प्रिंटर म्हणजे बहिरा म्हातारा. हाक मारून थांबावं लागतं.”

काकूंनी दुपारभर हुज्जत घातली आणि पहिला नंबर देऊन टाकला. पुढे कुठलाही नवा जोड आला की छापखाना चहा घेऊन हजर. नंबर गेला नाही ना, एवढंच विचारायला. नंबर जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक असायचं. ते दिवस फार चांगले होते. काकूंना आजही ऑफिस म्हटलं की तेच आठवायचे.

गेल्या हिवाळ्यात छापखाना वारला. आता नवे प्रिंटर आपलं माप आपणच सांगायचे, हाकेची वाट बघायचे नाहीत. त्याची स्क्रिप्ट मात्र हाक मारून थांबायची, उत्तर आलं नाही की गप्प व्हायची आणि तोवर बाकीच्या ताटकळत राहायच्या. दुकानदार कुरकुर करत होते.

“तुम्ही राहू द्या म्हणालात तर राहील,” प्रमुखबाई म्हणाल्या. “तुमच्या शब्दाबाहेर मी नाही.”

काकूंनी चाचणीचा संगणक लावला, छपाईची स्क्रिप्ट वगळली आणि हुकूम सोडला. कुणीतरी अडावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. निदान बारकोडनं तरी. पण बारकोडनं थेट प्रिंटरकडून माप घेतलं. त्याच्यामागून भाषा बसली. शेवटी मुख्य प्रोग्रॅम एकदाच चालू झाला. काकूंनी संगणक कोरा करून सगळं पुन्हा बसवलं. तरी एकही चूक आली नाही. त्यांना फार वाईट वाटलं.

“अडलं का कुठं?” प्रमुखबाईंनी हळूच विचारलं.

“नाही. चोख लिहिलं होतं त्यानं. जाताना कुणाला ओढून नेलं नाही.”

“मग मी काढून टाकू? तुम्ही जा घरी.”

“नको,” काकू म्हणाल्या. त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला, खऱ्या रांगेतलं छपाईचं नाव शोधलं आणि एकेक अक्षर करत ते स्वतः पुसलं.