काचेआडचा सहा-शून्य

मी एक जुना दोरा आहे. शर्टाच्या बटणाचा नव्हे, जखमेला टाके घालण्याचा. माझं नाव सहा-शून्य.

मित्रांनो, उत्तरपत्रिकेवर शून्य मिळालं की तुमच्या घरी काय होतं ते मला सांगू नका. आमच्या घराण्यात मात्र जितकी शून्यं जास्त तितका दोरा बारीक. दोन-शून्य आणि तीन-शून्य हे आमच्यातले दांडगे. डोकं, पाठ, गुडघा, जिथे कातडी जाड असते किंवा सारखी ताणली जाते, तिथे त्यांनीच जावं. गुडघ्याला मला घातलं तर पहिल्याच पायरीला मी तुटेन. हातांना चार-शून्य चालतो. मी चेहऱ्याचा. केसाएवढा मी बारीक आणि माझी सुई पापणीच्या केसासारखी वाकडी. माझे टाके चार-पाच दिवसांत काढतात आणि मागे उरते ती रेघ शोधावी लागते, असं म्हणतात. मी स्वतः कधी कुणाला शिवलेलं नाही.

कारखान्यात यंत्रानं मला ओढून ओढून बारीक केलं, सुई जोडली, पाकिटात बंद केलं आणि वर मुदतीची तारीख छापली. तिथून मी एका लहान दवाखान्यात आलो. तिथल्या मोठ्या सिस्टरनी मला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा माल जपायला हवा." पूर्वी एकदा एका बाळाची पापणी फाटली होती आणि दवाखान्यात बारीक दोरा नव्हता. ते त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मला वाटलं, केवढा हा मान. खालच्या उघड्या कप्प्यातला तीन-शून्य दिवसभर राबायचा आणि मी त्याच्याकडे वरून पाहायचो.

एका दुपारी काचा बसवणारा एक माणूस धावत आत आला. कडेवर त्याची मुलगी होती, गालाला फडकं दाबलेलं. दुकानात भिंतीला टेकवलेली काच तिच्यावर घसरली होती. डॉक्टरांनी फडकं काढलं. गाल डोळ्याखालून ओठापर्यंत उघडा पडला होता. मोठ्या हॉस्पिटलकडे जाणारा पूल दुरुस्तीसाठी बंद होता, आणि जखम उघडी ठेवून चालणार नव्हतं.

डॉक्टर नवे होते, पण त्यांना कळत होतं. ते थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "हाच हवा," ते म्हणाले, आणि त्यांनी मोठ्या सिस्टरना फोन लावला. त्या आजारी आईकडे परगावी गेल्या होत्या. किल्लीही त्यांच्याबरोबर गेली होती.

"खालच्या कप्प्यातला घ्या की," फोनमधून आवाज आला. "आणि डॉक्टर, माझ्यामागे कपाट फोडलंत तर चौकशीला उत्तर तुम्ही द्यायचं, सांगून ठेवते."

काचवाल्यानं ते ऐकलं. मुलीला टेबलावर ठेवून तो कपाटाजवळ आला आणि काचेच्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं.

"फोडायची कशाला? ही पट्टी काढली की काच अख्खी निघते. दोरा घ्या, मी परत बसवून देतो. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

मित्रांनो, त्याच्या बोटात आणि माझ्यात फक्त एक काच होती. काच काढणं हा तर त्याचा रोजचा धंदा. मला ओरडून सांगावंसं वाटलं, काढ बाबा, लवकर काढ.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे. "नको," ते हळूच म्हणाले. "उगाच भानगड नको. नवी नोकरी आहे माझी."

वेळेला केळं, तसा तीन-शून्य उचलला गेला. तो बिचारा काय करणार? तो पाठीसाठी जन्मलेला, त्याला गालावर चालवलं. मुलगी बापाचा हात धरून पडली होती.

"बाबा, दिसेल का हे?"

"नाही गं. काही दिसणार नाही," बाप म्हणाला. डॉक्टर खाली मान घालून टाके घालत राहिले.

त्यानंतर मी नुसता पडून राहिलो. मोठ्या सिस्टर परत आल्या, कपाट उघडून आम्हांला मोजलं आणि समाधानानं कुलूप लावलं. माझ्यावरची तारीख आली आणि गेली. मान कसला, कैद होती ती, हे मला कळलं तेव्हा माझा काही उपयोग उरला नव्हता.

खूप वर्षांनी कपाटाची काच तडकली. ती बदलायला तोच माणूस आला, केस पांढरे झालेला. नव्या काचेचं दुसरं टोक धरून त्याची मुलगी आली होती. तिच्या गालावर डोळ्यापासून ओठापर्यंत एक जाड रेघ होती आणि रेघेला दोन्ही बाजूंनी आडव्या खुणा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. मोठ्या सिस्टर तेव्हा जुनी पाकिटं काढून टाकत होत्या. बापानं मला ओळखलं.

"हाच का तो?" मुलीनं विचारलं. त्यानं मान हलवली.

"मुदत संपलीय त्याची," सिस्टर म्हणाल्या. "हवा तर घे."

तिनं पाकीट फाडलं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते घडलं, आणि ज्या गालासाठी मी होतो त्याच्यापाशीच घडलं. नव्या काचेत पाहत तिनं मला त्या रेघेवर धरलं. मी तिला काचेत दिसेना.

"एवढासाच होता, बाबा?"

 बाप काचेची पट्टी ठोकत राहिला. काच बसली तशी सिस्टरनी नवी पाकिटं आत मांडली, बारीक, चकचकीत, आणि कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली.

"कुलूप कशाला लावता?" मुलीनं विचारलं.

"अगं, संपतात ना."

मी आता कचऱ्याच्या डब्यात आहे. मित्रांनो, माझे भाऊबंद तुम्हाला सांगतील, आम्हांला जपा. मी ते सांगणार नाही. मला जपलं म्हणूनच हे झालं. आत बसलेल्या त्या कोवळ्या दोऱ्यांना वाटतंय, केवढा हा मान. त्यांना कुणीतरी सांगा. माझा आवाज काचेपलीकडे तेव्हाही गेला नव्हता.