तिसऱ्या दिव्याची ऊब

पाच वाजेपर्यंत मॅनेजरला सांगायचं होतं, आणि साडेतीन होऊन गेले तरी तिचं काही ठरत नव्हतं. नाट्यगृहाचे सगळे जुने दिवे उद्या उतरायचे होते आणि त्यांच्या जागी एलईडी लागणार होते. कोणते, ते ती सांगणार होती. एलईडी आणा, एलईडी आणा म्हणून वर्षभर मॅनेजरच्या मागे भुणभुण लावली होती तिनेच. आता स्वस्तातले तीन नमुने रंगमंचावर स्टँडवर उभे होते, पाठीवर खडूने एक, दोन, तीन लिहिलेले, आणि ती पायाला भिंगरी लावल्यासारखी त्यांच्याभोवती फिरत होती. नाटकवाले तिला फ्यूज म्हणत. प्रकाशयोजनेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण उडायलाही तिला वेळ लागत नसे.

घालमेल नुसत्या दिव्यांची असती तर ती अर्ध्या तासात मोकळी झाली असती. ती होती बाबांची. तिचे बाबा चाळीस वर्षं याच रंगमंचावर काम करत आले होते. उजेडाचा तुकडा कुठंही पाडा, बाबा बरोबर त्याच्या मधोमध. नवे नट जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा मागत, तेव्हा बाबा मिशीत हसत. पण या आठवड्यात नमुन्याचे दिवे टांगून दोन तालमी झाल्या आणि दोन्ही वेळा बाबा उजेडाच्या बाहेर दोन हातांवर उभे राहिले. अख्खं स्वगत अंधारात! दिग्दर्शक नुसता खोकला. शनिवारी प्रयोग होता, आणि असंच झालं तर बाबांचं काम जाणार हे सांगायला तो खोकला पुरेसा होता.

बाबा चुकणं तर शक्यच नव्हतं. म्हणजे खोट दिव्यांत. कोणत्या डब्याच्या माथी खापर फोडायचं, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

सकाळपासून तिन्ही दिवे पूर्ण जोरावर जळत होते. पहिल्याचं काही बिघडलं नव्हतं. उजेड एकसारखा, कडा मऊ, स्लायडर खाली ओढला की प्रकाश हळूहळू मावळायचा. दुसरा बरा होता, पण त्याचा पंखा असा घुरघुरत होता की पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटावं शेजारचा झोपलाय. तिसरा सगळ्यांत स्वस्त, आणि सगळ्या भानगडी त्याच्याच अंगात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसत. मंद करायला जावं तर मध्येच दचकल्यासारखा विझायचा. पांढरा म्हणावा तर माणूस आजारी दिसेल असा हिरवट. पाठीचा पत्रा मात्र गार होता, आणि हे काही तिच्या पचनी पडत नव्हतं. एवढा भिकार दिवा आणि तापत नाही?

"बाबा, या जरा. चेहरा हवाय मला."

बाबा विंगेतून आले. कातडीचा रंग नीट कळावा म्हणून तिने दिवे हातभर अंतरावर घेतले आणि बाबांना एकेकासमोर उभं केलं.

"कोणता बरा वाटतो?"

पहिल्यासमोर त्यांनी नुसते खांदे उडवले. दुसऱ्यासमोर म्हणाले, "ठीक." तिसऱ्यासमोर त्यांनी हनुवटी वर केली, डोळे मिटले आणि अंगातला ताण गेल्यासारखा श्वास सोडला.

"हा. हाच घे. यात कळतं माणसाला, कुठं उभं राहायचं ते."

"हा? अहो बाबा, प्रेतासारखे दिसताय तुम्ही यात!"

"दिसू दे. वयाला शोभतं."

तिला हसू आलं नाही. तिने बाबांच्या गालाशी हात नेला आणि गरम वाऱ्याचा झोत तळहाताला लागला. पंखा उलटा बसवलेला होता. मागे फेकायची सगळी ऊब तो दिवा पुढे, तोंडावर फेकत होता. जुने दिवे वरून अशीच आग ओकायचे. त्यांच्याखाली उभं राहिलं की कपाळ भाजून निघायचं.

नाही, असं नसेल, असं स्वतःशीच घोकत ती कंट्रोलच्या टेबलाशी गेली. दुसरा दिवा तिने बंद केला. पहिला उचलून चार पावलं डावीकडे नेला आणि त्याचा उजेड जमिनीवर पाडला. तिसऱ्याचा स्लायडर शून्यावर आणला. दिवा विझला, पंखा मात्र आतली ऊब पुढे फेकत चालूच राहिला.

"बाबा, प्रवेश करून बघू. विंगेतून या, उजेडात उभे राहा आणि स्वगत म्हणा."

बाबा आले. तोच रुबाब, तीच चाल. उजेडाच्या तुकड्यावरून ते सरळ चालत गेले, पाऊलसुद्धा अडखळलं नाही. पुढं जाऊन विझलेल्या दिव्यासमोर थांबले, हनुवटी वर केली आणि बोलू लागले. एकेक शब्द खणखणीत. तिचे डोळे वाहत होते. हे आपल्याला कळलं कसं नाही, एका घरात राहून?

तेवढ्यात मागचं दार उघडून मॅनेजर आला.

"काय हे, बाबासाहेब? उजेड तिकडं आणि तुम्ही इकडं काळोखात!"

बाबांचं वाक्य तुटलं. त्यांनी मान वळवली, तीही भलतीकडेच.

"मीच उभं केलंय त्यांना तिथं," ती ओरडली. "चाचणी चाललीय, दिसत नाही?"

"तिने नाही केलं," बाबा शांतपणे म्हणाले. "डोळ्याचा पडदा गेलाय माझा. वर्ष झालं. कडा दिसत नाहीत, सगळीकडे दूध सांडल्यासारखं दिसतं. जुन्या दिव्यांची ऊब लागायची, तिच्यावर भागवत होतो."

मॅनेजर कसनुसं हसला. ही नटाची थट्टा असेल असं त्याला वाटलं. त्याने फ्यूजकडे पाहिलं, पण आयुष्यात पहिल्यांदा तिला उडता आलं नाही.

"पोरी, चांगला कोणता?" बाबांनी विचारलं.

तिसरा म्हणावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"पहिला," ती म्हणाली.

"मग पहिलाच लावा. आणि शनिवारी माझ्या जागी दुसरा कुणी बघा." मॅनेजर तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. "प्रेक्षकांनी तिकीट काढून काळोख का बघायचा?"

तिने धावत जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी तो अलगद सोडवून घेतला.

"इथं नको. इथली वाट मला माहीत आहे."

ते एकटेच निघाले, ताठ मानेने, रिकाम्या खुर्च्यांनाही पाठ न दाखवता. बरोबर विंगेच्या तोंडाशी थांबले. रंगमंच तिथं संपत होता. तिथं त्यांनी मागे न बघता हात लांब केला आणि ती येईपर्यंत तसाच धरून ठेवला.